मदत हवी आहे: गोष्टींची फाईल संपादकांकडे उघडत नाही, परवा शेवटची तारीख

बालाघाटच्या_बाई
कोणीतरी लवकर सांगा. दिवाळी अंकासाठी दोन गोष्टी ईमेलने पाठवल्या तर संपादकांचा फोन आला की सगळी इंग्रजी अक्षरंच दिसतायत, युनिकोडमध्ये पाठवा. माझ्याकडची प्रिंट तर स्वच्छ मराठीत आहे, मग बिघडलं कुठे? बीड जिल्ह्यात जि.प. शाळेवर ३४ वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे लिहायला बसते आणि खरं सांगते, दिवसातला तो तासभर मला कोणालाच द्यायचा नसतो. पहिल्यांदाच कुठेतरी पाठवलंय. परवापर्यंत व्हायलाच हवं.

कळफलक
फाँट कुठला? वर्डमध्ये केलंय की मोबाईलवर?

रानवारा
एवढं कशाला, पीडीएफ करून पाठवा, जसं दिसतं तसंच दिसेल.

कळफलक
पीडीएफ नुसती वाचायला ठीक, त्यांना अंकात मजकूर जुळवायचाय. बाई, फाँट सांगा आधी.

बालाघाटच्या_बाई
फाँट मला कसा कळणार, मी वहीत लिहिते. टाईप झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने करून दिलं, पेनड्राईव्ह माझ्याकडे आहे.

कळफलक
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. फाईल उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, वर फाँटचं नाव दिसेल.

निळी_शाई
मी निवृत्तीनंतर ४० हजार घालून स्वतःच कवितासंग्रह काढला. अंकवाल्यांच्या मागे लागू नका, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कसा घ्यायचा ते मी सांगतो.

सुमतीआजी
दिवाळी अंकाचं नाव निघालं म्हणून सांगते, आपल्याकडे ही परंपरा १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून आहे. तेव्हा हाताने लिहिलेलंच पाठवायचे ना? हस्तलिखिताचे फोटो पाठवून बघा.

बालाघाटच्या_बाई
फोटो चालत नाहीत, विचारलं मी. आयएसबीएन नकोय. फाँट सापडला, कृतीदेव ०५५ असं लिहिलंय.

कळफलक
मग उमजलं. तो जुना फाँट, त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठी मुखवटा. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही त्याला मुखवटा दिसत नाही. युनिकोडमध्ये अक्षर आतूनही मराठीच असतं. 'कृतीदेव टू युनिकोड' असं गुगल करा, कन्व्हर्टर मिळतात, मजकूर चिकटवा, बदलून मिळेल. पण नंतर ओळ न् ओळ वाचा. पहिली वेलांटी हमखास घसरते आणि अर्धा र बिघडतो.

रानवारा
त्यापेक्षा मोबाईलवर बोलून टाईप करा, दोन गोष्टी तासात होतील.

निळी_शाई
बोलून टाईप केलं की पूर्णविराम, अवतरणचिन्हं सगळी हाताने घालत बसा. शिवाय संवाद बोलीत असतील तर काहीच्या काही उमटतं. बाई, ते संवाद प्रमाण मराठीतच करून टाका, पुण्यामुंबईच्या वाचकाला सोपं जातं.

सुमतीआजी
अजिबात करू नका.

बालाघाटच्या_बाई
संवाद बदलणार नाही. गोष्ट ऊसतोडीवाल्यांच्या पोरीची आहे. दिवाळी झाली की मुकादम टोळ्या घेऊन जायचा, आईबापांनी उचल घेतलेली असायची, निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. चौथीतली एक पोर ट्रॅक्टर थांबवून शाळेत पळत आली न् म्हणाली, "बाई, माजं नाव कमी करू नगा, म्या उन्हाळ्यात येती माघारी." हजेरीवर तिच्या नावापुढे महिनोन् महिने मी शिसपेन्सिलीनेच टिंब करत गेले. हे वाक्य प्रमाण मराठीत मला ऐकूच येत नाही. कन्व्हर्टर केला, बरंचसं जमलं, पण 'बालाघाटच्या दऱ्या' होतं तिथे 'बालाघाटचा समुद्र' असल्यासारखं 'दर्या' आलंय. ठिकठिकाणी. काय करू?

रानवारा
फाईंड रिप्लेस. 'र्या' शोधा, 'ऱ्या' घाला, एका फटक्यात सगळं.

कळफलक
नका करू असं!! 'पर्याय', 'मर्यादा', 'सूर्या'चं काय होईल? नीट शब्द पूर्ण द्यायचा, 'दर्या' शोधून 'दऱ्या', 'दुसर्या' शोधून 'दुसऱ्या', एकेक. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेला, असेल तर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की 'ऱ' मिळतो, मग हलन्त आणि य.

रानवारा
बरोबर, माझं चुकलं, मर्यादा लक्षातच आली नाही.

निळी_शाई
इन्स्क्रिप्ट आता शिकत बसायचं का या वयात, इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणारं फोनेटिक बरं.

कळफलक
'ऱ' आणि 'ळ' इन्स्क्रिप्टवर थेट सापडतात, शिकायला पंधरा दिवस. पण ते नंतर, आत्ता नाही. शब्द इथे सांगा बाई, यादी करून देतो.

बालाघाटच्या_बाई
दऱ्या, दुसऱ्या, तऱ्हा, पायऱ्या, कोपऱ्यात. एवढे तर दिसले. पहिली गोष्ट दुरुस्त करून पाठवली, संपादकांचा मेसेज आला, उघडली. दुसरीची अजून चार पानं तपासायची आहेत, चष्मा पुसून बसतेय. 'सोबत्यांच्या' या शब्दाचं काही करायला लागतं का?

कळफलक
नाही, त्यात अर्धा र नाहीच.