मदत हवी आहे: टीकेइंटरच्या कॅनव्हासवर पंचगंगेच्या पातळीचा आलेख

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, सध्या पायथन शिकतोय. पावसाळ्यात आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ती पातळी मी रोज वहीत लिहितो आणि तिचा आलेख टीकेइंटरच्या (पायथनमधलं विंडो बनवायचं साधन) कॅनव्हासवर, म्हणजे त्यातल्या चित्र काढायच्या फलकावर, स्वतः काढायचाय. मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या तयार लायब्ररीने हे चार ओळींत होतं, माहीत आहे. पण रेघ न् रेघ कशी उमटते ते मला समजून घ्यायचंय.

पहिल्यांदा नदी चढली की आलेख खाली उतरायचा. कॅनव्हासचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खालच्या दिशेने वाढतो, हे उमगायला अख्खी संध्याकाळ गेली. आता कॅनव्हासच्या उंचीतून वाय वजा करतो. ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी तुटक रेषांनी नीट येते.

अडलंय ते पुढे. विंडो मोठी केली तरी आलेख कोपऱ्यातच राहतो. सुरुवातीलाच विन्फो_हाइटने कॅनव्हासची उंची विचारली तर १ मिळतो. मग कॉन्फिगर इव्हेंटला (आकार बदलला की मिळणारी सूचना) फंक्शन बांधून सगळं पुसून पुन्हा काढायचं, की स्केल मेथडने आहे तेच ताणायचं? स्केलने अक्षरांचा आकार बदलत नाही, एवढं करून पाहिलंय.

आणि नवा आकडा आला की जुन्या रेषेचा आयडी धरून कोऑर्ड्सने बिंदू वाढवणं बरं का?

कुणी केलं असेल तर छोटासा नमुना कोड द्या. पाणी पात्राबाहेर यायच्या आत हे चालू करायचंय, गल्लीतल्या सगळ्यांना बघता येईल.