'बेलिस्सिमा' पाहिला, आन्ना मान्यानीचा पुढचा कोणता पाहू?

सेलूची सिस्टर

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात ३४ वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होते, त्यातली बरीचशी सेलू तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. २०१५ ला रिटायर झाले. नात संभाजीनगरला शिकायला आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर एक जुना इटालियन सिनेमा लावला, 'बेलिस्सिमा', १९५१ चा. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. खाली इंग्रजी पट्टी पळायची, ती नात वाचून सांगायची. अर्ध्या तासानं मीच म्हणलं, बाई, तू गप बस, मला कळायलंय.

कारण त्यातली बाई माझ्याच कामातली. रोममध्ये गरिबाच्या वस्तीत राहते आणि घरोघर फिरून इंजेक्शनं टोचून चार पैसे मिळवते. मी १९८१ ला लागले तेव्हा आमच्याकडंही काचेचीच सिरिंज होती. स्टीलच्या डब्यात ठेवून स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायची. सुईचं टोक कापसावरून ओढून बघायचं, कापसाचा धागा अडकला की समजायचं टोक वाकलं, मग दगडावर घासायची. या बाईच्या हातात सुई बघितली आणि मी सरळ बसले.

गोष्ट थोडक्यात सांगते. स्टुडिओला सिनेमासाठी एक लहान मुलगी पाहिजे असते. ही आपल्या लेकीला घेऊन धावते. फोटोवाला, नाच शिकवणारी, फ्रॉक शिवणारी, सगळ्यांना पैसे देत सुटते. एक जण वशिला लावतो म्हणून पन्नास हजार लिरा घेतो आणि त्यातून स्वतःला लॅम्ब्रेटा स्कूटर घेतो. शेवटी ती लेकराला घेऊन प्रोजेक्टरच्या खोलीत शिरते, तिथल्या झरोक्यातून बघते. खाली पडद्यावर तिची पोरगी रडायली आणि ती साहेब लोकं हसायलीत. त्या वेळचा त्या बाईचा चेहरा मला अजून झोपू देईना. पुढं स्टुडिओवाले कागद घेऊन घरी येतात, पोरगी पसंत आहे म्हणतात, आणि ही सही करत नाही.

आमच्या गल्लीत असंच झालंय. टीव्हीवर नाचायची संधी देतो म्हणून एका माणसानं एका बाईकडून पंधरा हजार नेले. बचत गटातून उचलले होते तिनं. नंतर फोन बंद. ती माझ्याकडं आली आणि एवढंच म्हणाली, "सिस्टर, लेकरू चांगलं नाचतं हो." पैशाचं बोललीच नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. त्या बाईचं काम करणारी ही आन्ना मान्यानी कोण होती, आणि गरिबाची माय इतकी खरी कामून करते ती? आणि आम्ही रिटायर सिस्टर आणि काही आशाताई दर शनिवारी माझ्या अंगणात जमतो. त्यांना हिचा कोणता सिनेमा दाखवू?

औरंगपुरा कट्टा

सिस्टर, तुम्ही हातातल्या सुईवरून तिला ओळखलंत, हे फार आवडलं. आमच्याकडं सगळे दिग्दर्शकावरून सुरुवात करतात. 'बेलिस्सिमा' लुकिनो विस्कोंतीचा आहे, पण तो उभा आहे तो तिच्यामुळंच.

जन्म रोमचा, ७ मार्च १९०८. वडील कोण ते तिला माहीत नव्हतं. आई सोडून गेली, आजीनं वाढवलं. नाट्यशाळेत शिकली, पण घडली ती गाण्याबजावणीच्या आणि विनोदी रेव्ह्यूच्या रंगमंचावर. युद्धाच्या काळात टोटो या मोठ्या विनोदी नटाबरोबर तिचे रेव्ह्यू व्हायचे. आपल्याकडच्या तमाशातल्या वगासारखंच तिथं समोरच्या प्रेक्षकाला जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं. ती हजरजबाबी धार तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिली.

सिनेमावाल्यांना सुरुवातीला तिचा चेहरा नायिकेचा वाटायचा नाही. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. मग १९४५ मध्ये रोबेर्तो रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' आला आणि जगानं तोच चेहरा डोक्यावर घेतला. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सनं 'द रोझ टॅटू' हे नाटक तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. इंग्रजीचा भरवसा नव्हता म्हणून तिनं रंगमंचावर नाही म्हटलं, पण १९५५ च्या सिनेमात केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. समारंभाला ती गेलीच नव्हती, रोममध्ये होती. त्या सिनेमात तिची मुलगी झालेल्या मारिसा पावाननं तिच्या वतीनं ते घेतलं.

शनिवारसाठी माझं मत 'ल'ओनोरेव्होले आंजेलिना', १९४७. रोमच्या पिएत्रालाता वस्तीतली पाच लेकरांची आई. काळाबाजारवाल्याच्या कोठारावर बायका घेऊन जाते, पाण्यासाठी भांडते, घरांसाठी भांडते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात याच कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आशाताईंना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उमरीकर गुरुजी

कट्ट्यानं 'रोम, ओपन सिटी' एका वाक्यात उरकला, ते मला पटलं नाही. ताई, तो सिनेमा पाहाच.

त्यात ती पिना. पोटुशी आहे, त्याच दिवशी लग्न लागायचंय, आणि जर्मन सैनिक होणाऱ्या नवऱ्याला पकडून ट्रकमध्ये घालतात. ती सैनिकांच्या हातून सुटते आणि त्याच्या नावानं ओरडत ट्रकमागं धावते. गोळी लागते, रस्त्यावर पालथी पडते. लहान मुलगा येऊन तिच्या अंगावर पडतो. सगळं एका मिनिटाच्या आत. मागं खरी घटना आहे: ३ मार्च १९४४ ला रोममध्ये तेरेसा गुलाचे नावाच्या गरोदर बाईला, नवऱ्याला भेटू द्या म्हणत असताना, सैनिकानं गोळी घातली होती. रोम सुटलं जून १९४४ मध्ये आणि शूटिंग सुरू झालं १९४५ च्या सुरुवातीला. फिल्मची रिळंसुद्धा मिळत नव्हती, जिथून मिळेल तिथून तुकडे आणले. गल्लीतल्या लोकांना ते दिवस आठवून सांगावे लागत नव्हते.

माझी आजी रझाकारांच्या वेळचं सांगायची. आजोबा दोन महिने सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात, आणि ही घरात तीन लेकरं घेऊन. रात्री जीप वाजली की चुलीत पाणी ओतायची, धूर दिसू नये म्हणून. १७ सप्टेंबरला दरवर्षी झेंडा बघून यायची आणि पुन्हा तेच सांगायची. पिना पळते ना, तेव्हा मला तिच्या पायांत आजीच्या टाचा दिसतात, भेगाळलेल्या.

लातूरचा लोरेनप्रेमी

गुरुजींना नमस्कार. माझं मन सोफिया लोरेन या दुसऱ्या इटालियन नटीकडं आहे, तरी इथं सांगण्यासारखं एक आहे. 'टू विमेन'मध्ये, १९६० चा, आधी ठरलं होतं की आई मान्यानी आणि लेक लोरेन. मान्यानीनं नकार दिला. मग दिग्दर्शक दे सिकानं लोरेनलाच आई केलं, तेव्हा ती पंचविशीत होती, आणि त्यावर तिला ऑस्कर मिळालं. मान्यानीच्या एका नकारानं दुसरीचं आयुष्य बदललं. लोरेनही नेपल्सजवळच्या पोत्सुओलीच्या उपासमारीतून आलेली, तिला कुणी नुसती सुंदर बाहुली समजू नये.

नांदेडची फिजिओ

सिस्टर, "गरिबाची माय इतकी खरी कामून" या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. तिच्या घरातलं एक सांगते.

तिला एकच मुलगा, लुका, १९४२ चा. साधारण दीड वर्षाचा असताना त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. वडील मासिमो सेराटो हा नट, पण मूल तिनंच वाढवलं आणि त्याला आडनावही आपलंच दिलं, मान्यानी. कमाईचा मोठा वाटा त्याच्या उपचारांवर गेला. म्हणजे गुरुजी म्हणतात त्या ट्रकमागं ती धावली, तेव्हा घरचं मूल तीन वर्षांचंही नव्हतं आणि ते कधीच धावणार नव्हतं. माझ्याकडं पोलिओमुळं पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या घातलेली मोठी माणसं येतात, अजूनही. त्यांच्या आयांशी बोलताना मला 'बेलिस्सिमा'तली ती बाई आठवते. लेकराला कुणी हसलं की यांची मान तशीच वळते.

सेलूची सिस्टर

फिजिओताई, दीड वर्ष वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. आज परत उघडलाय.

१९८४ चं असेल. उपकेंद्राच्या गावात एका लेकराला दोन दिवस ताप होता. माय घेऊन आली तेव्हा मी पाय उचलून सोडला तर तो ओल्या फडक्यासारखा पडला. तेही दीड वर्षाचंच. परभणीला सिव्हिलला पाठवलं. माय आधी गंडा बांधून आली होती, तिला मी बोलले, फार बोलले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. डोसाची तारीख होती त्या दिवशी ती वावरात खुरपायला गेली होती. हजेरी बुडली असती.

१९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं आणि मी एक राउंड चुकवला नाही. बर्फाचा डबा खांद्याला. बाटलीवर गोल असतो, गोलात चौकोन, चौकोन गोलाइतका काळा झाला की ती बाटली टाकायची. डाव्या करंगळीला शाई, दाराला खडूची खूण. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या रात्री आम्ही ट्रॅक्टरवर चढून बॅटरीच्या उजेडात झोपलेल्या लेकरांची तोंडं उघडलीत. थेंब पडला की झोपेतच चोखतात. जानेवारी २०११ मध्ये देशातली शेवटची केस सापडली आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पेढे वाटले, आणि मी मागच्या खोलीत जाऊन रडले, डीप फ्रीझरच्या शेजारी.

नातीला विचारलं, लस कधी आली. ती म्हणाली पहिली अमेरिकेत १९५५ ला. म्हणजे कट्टा म्हणतात त्या 'रोझ टॅटू'च्याच वर्षी. तिच्या पोराला अकरा-बारा वर्षं उशीर झाला. इतका पैसा होता, नाव होतं, आणि दोन थेंब नव्हते.

शनिवारी 'आंजेलिना' लावतो. गुरुजी, तुमचा सिनेमा त्याच्या पुढच्या शनिवारी, आधी मी एकटी बघून घेते. नात पट्टी वाचायला येणार आहे. त्या १९८४ च्या लेकराची माय आमच्याच गावात असते, आता पासष्टीची झाली. तिलाही बोलावलंय. मुलगा तीनचाकीवर सोडायला येतो म्हणाला. तिचे गुडघे गेलेत, तिच्यासाठी जोत्यावर खुर्ची ठेवते. बाकीच्यांना सतरंजी.