झटक्याने उघडणारे पॅराशूट : दोष घडीचा, वेगाचा की दोऱ्यांचा?

मूळ लेखन (शहापूर, बेळगाव)

गेल्या रविवारी टिळकवाडीतील एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात आम्ही आठ-दहा जण पॅराशूटची घडी घालण्याच्या सरावासाठी जमलो होतो. तेथे निघालेला वाद जेवणाची पंगत बसेपर्यंत मिटला नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. माझे मत असे आहे की, मुक्त पतनानंतर, म्हणजे विमानातून उडी मारून काही काळ तसेच खाली पडल्यावर, पॅराशूट अंगाला हिसका देऊन उघडते तेव्हा बहुतेक वेळा त्याचे मूळ जमिनीवर, घडी घालताना झालेल्या हयगयीत असते.

पोटावर आडवे राहून खाली येणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. छत्र चार सेकंदांत फुलले तर शरीरावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पट भार येतो. तेच अर्ध्या सेकंदात फुलले तर हा भार दहापटीच्या पुढे जातो. पहिल्या प्रसंगी माणूस वर पाहून दोऱ्या तपासतो, आणि दुसऱ्या प्रसंगी त्याच्या मानेचे मणके पणाला लागलेले असतात. अशा झटक्यांत माणसे दगावलेली आहेत, म्हणून हा विषय केवळ सोयीचा नाही.

हा काळ लांबवण्याचे काम स्लायडर करतो. या चौकोनी कापडाच्या चार कोपऱ्यांना कड्या असतात आणि छत्राच्या सर्व दोऱ्या चार गटांत त्या कड्यांमधून खाली येतात. छत्र फुलू लागले की फाकणाऱ्या दोऱ्या स्लायडरला खाली ढकलतात, आणि खालून येणारा वारा त्याला वर धरून ठेवतो. या ओढाताणीतच छत्र हळूहळू पसरते. मात्र त्यासाठी स्लायडर सुरुवातीला अगदी वर, कापडाला शिवलेल्या अडथळ्यांना टेकलेला असावा लागतो. तो वीतभर जरी खाली घसरलेला असला, तरी छत्राला पसरण्यास आयती मोकळीक मिळते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. नोकरीनिमित्त परदेशात असताना मी घाईत घडी घातली, निसरडे कापड छत्राच्या बॅगेत कोंबताना स्लायडर खाली आला आणि मी तो पुन्हा तपासला नाही. त्यानंतर तीन आठवडे मानेला पट्टा होता.

दुसरी गोष्ट रबर बँडची. पायलट शूट, म्हणजे आधी हवेत फेकायचे छोटे पॅराशूट, बॅगेला वर ओढते, रबरांत अडकवलेल्या दोऱ्यांच्या घड्या एकेक करून सुटतात, आणि सगळ्या दोऱ्या ताणल्या गेल्यावरच बॅगेचे तोंड उघडून छत्र बाहेर पडते, असा क्रम अपेक्षित आहे. रबर सैल असेल तर दोऱ्या एकदम ओतल्या जातात, छत्र वेळेआधी बाहेर येऊन फुलू लागते, आणि मग ढिल्या दोऱ्या अचानक ताठ होऊन माणसाला हिसका बसतो. आमच्या घरी माग होते. कांडीवर सूत ढिले भरले असेल तर धोट्याच्या एका फेकीत चार वेढे सुटून गुंता होतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे, त्यामुळे सैल रबराचे भय मला कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

प्रतिसाद (खानापूर)

मी निवृत्त सुभेदार असून नोकरीतील बरीच वर्षे तरुणांना मुक्त पतन शिकवण्यात घालवली. आपल्या भागाचे पॅराशूटशी नाते जुने आहे. मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशाच्या युद्धात, तेथील टांगाइल येथे उतरली. पण ती उडी वेगळी. तेथे विमानाला जोडलेली पट्टी गोल छत्र लगेच बाहेर काढते, माणसाला मुक्त पतनाचा वेग गाठण्यास वेळच मिळत नाही. आपला वाद ज्या उड्यांबद्दल आहे, त्यांत छत्र उघडण्यापूर्वी माणूस स्वतःचा वेग स्वतः ठरवतो, आणि आपल्या लेखनात ही बाजू जवळजवळ आलेलीच नाही.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १९० किलोमीटरऐवजी २५० किलोमीटर वेगाने छत्र बाहेर काढले, तर त्यावर येणारा दाब पावणेदोन पट होतो. डोके खाली ठेवून पडणारे जवान २५० ते ३०० किलोमीटरपर्यंत सहज पोहोचतात. त्यांनी आडवे होऊन काही सेकंद वेग उतरू दिला नाही, तर स्लायडर कितीही नेमका बसवलेला असो, वाऱ्याचा तो जोर मुळातच जास्त असतो. इतरांपासून दूर सरकण्यासाठी अंग बाणासारखे ताणून वेगाने जाणे आणि त्याच अवस्थेत पायलट शूट फेकणे, ही चूक मी नवशिक्यांइतकीच अनुभवी माणसांतही पाहिली. एक खांदा खाली झुकवून उघडणाऱ्याच्या एका बाजूच्या पट्ट्यावर अधिक भार येतो, आणि तोही झटका त्याला घडीचाच दोष वाटतो.

घडी नीट घालावी, यात दुमत नाही. परंतु घडी उत्तम झाली म्हणजे आपले काम संपले, ही समजूत मला सैल रबरापेक्षा अधिक घातक वाटते.

प्रतिसाद (निपाणी)

सुभेदार साहेब आणि शहापूरचे दादा, दोघांचाही मान राखून मला मतभेद नोंदवायचा आहे. माझे छत्र पहिल्या तीनशे उड्यांत मऊ उघडत असे. नंतर ते हळूहळू कडक उघडू लागले, जरी घडी घालणारी मीच होते, पद्धत तीच होती आणि उघडतानाचा वेगही तोच होता. तेव्हा माझ्या बाबतीत दोष घडीचाही नव्हता आणि वेगाचाही नव्हता. तो दोऱ्यांचा होता.

स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या बारीक आणि मजबूत असतात, पण त्यांना उष्णता सोसत नाही. प्रत्येक उघडण्यात स्लायडरच्या कड्या त्यांच्यावरून घासत खाली येतात, त्या घर्षणाने दोरी तापते आणि थोडीथोडी आखडते. बाहेरच्या दोऱ्या आणि ब्रेकच्या (छत्र वळवण्याच्या) दोऱ्या मधल्यांपेक्षा अधिक आखडतात, त्यामुळे छत्राचा मूळ आकार बिघडतो. व्हेक्ट्रान या दुसऱ्या धाग्याच्या दोऱ्या अशा आखडत नाहीत, मात्र त्या झिजून तुटतात. डॅक्रॉन या तिसऱ्या धाग्याच्या दोऱ्या जाड असल्या तरी थोड्या ताणल्या जात असल्याने झटका काही प्रमाणात पोटात घेतात. मी दोऱ्यांचा संपूर्ण संच बदलून घेतला आणि त्यानंतरची पहिलीच उडी पूर्वीसारखी मऊ उघडली.

दादांना एक प्रश्न आहे. आता अशा बॅगा मिळतात, ज्यांत बॅगेचे तोंड बंद करणाऱ्या दोऱ्यांच्या घड्या तेवढ्या रबरात असतात आणि उरलेल्या दोऱ्या एका कप्प्यात मोकळ्या ठेवलेल्या असतात. सैल दोऱ्या हेच झटक्याचे कारण असते, तर या बॅगा वापरणारा प्रत्येक जण जखमी व्हायला हवा होता. तसे होत नाही, मग आपण सगळीच रबरे घट्ट असावीत असा आग्रह का धरता?

मूळ लेखकाचे उत्तर (शहापूर)

ताईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्यामुळे मला माझे विधान अधिक नेमके करावे लागेल. त्या बॅगांतही तोंड बंद ठेवणाऱ्या घड्या रबरातच असतात, म्हणजे दोऱ्या पूर्ण ताणल्या जाईपर्यंत छत्र आत राहावे ही अट तेथेही पाळली जाते. माझा आग्रह मुळात या अटीसाठी होता. तो सरसकट सगळ्या घड्यांना लावण्यात माझी चूक झाली. तरीही साध्या बॅगेत बाकीच्या घड्या ढिल्या सोडायला मी तयार नाही, कारण तेथे सुटलेल्या दोऱ्या धरून ठेवणारा कप्पाच नसतो. खानापूरच्या पावसाळ्यात महिनाभर ठेवलेली रबरे चिकट होतात आणि उन्हाळ्यात वाळून तडकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती प्रत्येक वेळी ओढून पाहण्यास फार तर दोन मिनिटे लागतात.

सुभेदार साहेबांचे वेगाचे गणित मी नाकारत नाही. मात्र वेग जास्त असेल तेव्हाच स्लायडरची जागा अधिक महत्त्वाची ठरते, कारण त्या दाबाला तोंड देणारी दुसरी वस्तू तेथे नसते. हवेत घाबरलेला माणूस वेग उतरवायला विसरू शकतो. जमिनीवर, गालिच्यावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाला विसरण्याचे कारण नसते. म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा मी आजही घडीवरच ठेवतो.

प्रतिसाद (खानापूर)

घाबरलेला माणूस विसरतो, म्हणूनच त्याला शिकवावे लागते. पाच सेकंद आडवे राहण्याची सवय अंगात मुरेपर्यंत मी कोणालाही डोके खाली करून पडू देत नसे, आणि माझे मत बदललेले नाही. आपल्या त्या कडक उघडण्याच्या वेळी वेग किती होता, हे आपण अद्याप लिहिलेले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर (शहापूर)

साहेब, मी तेव्हा पोटावरच होतो. मात्र इतरांपासून दूर सरकत होतो आणि थांबून वेग उतरवला होता की नाही, हे मला आठवत नाही. दोऱ्यांच्याही त्या वेळी पाचशेहून अधिक उड्या झालेल्या होत्या आणि मी त्यांची लांबी कधीच मोजली नव्हती. येत्या रविवारी मी तेच छत्र सभागृहात आणतो. खिडकीच्या गजाला हूक लावून प्रत्येक दोरी सारख्या ताणाने मोजू; ताईंनी निर्मात्याचा मापांचा तक्ता आणि लांब टेप सोबत आणावा.