दोन वॅटचा ॲम्प लावल्याने हेडफोनला 'जीव' येतो का?

खर्ज
काल इथे 'मंद्रसप्तक' यांनी लिहिलं, की फोनवर त्यांच्या सेनहायझर एचडी ६०० हेडफोनला "जीवच नव्हता", २ वॅटचा ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा डबा) लावला आणि "तानपुरा खोलीत आला". खाली लगेच चौकशा सुरू, कुठला, केवढ्याला. एक मुलगा तर पहिल्या पगारातून घेणार म्हणतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेनहायझर स्वतःच सांगते: ३०० ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा), १ व्होल्टला ९७ डेसिबल. ३०० ओहमवर १ व्होल्ट म्हणजे जेमतेम ३.३ मिलिवॅट. ख्याल ऐकताना आपण सरासरी ७०-७५ डेसिबलवर असतो. तानेची, सम गाठतानाची उसळी २० डेसिबल धरा, तरी ९५ च्या आत, म्हणजे १ व्होल्टही पुरतो. मग बाकीची ताकद कुठे जाते? कुठेच नाही, ती वापरलीच जात नाही. शिवाय तो २ वॅटचा आकडा बहुतेक ३२ ओहमवरचा असतो, म्हणजे ८ व्होल्ट. तेच ८ व्होल्ट ३०० ओहमवर २१३ मिलिवॅट देतात. खोक्यावरचे २ वॅट तुमच्या हेडफोनपर्यंत पोचतच नाहीत.

'जीव' येतो तो आवाज वाढल्यामुळे. आवाज वाढला की कानाला बेस जास्त भरीव लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. दोन्हीकडे आवाज सारखा करा, मग ऐका आणि मग दुसऱ्याला खर्चात पाडा.

मंद्रसप्तक
कोणालाही खर्चात पाडलेलं नाही, शब्द जपून वापरा. मी आकडे ऐकत नाही, गाणं ऐकतो. आमच्या घरी आई रोज पहाटे तानपुरा लावायची. तारेला झणकार देणारा जवारीचा दोरा केसभर सरकवायची, आणि एका जागी तार अशी उघडायची की बाजूच्या खोलीत झोपलेल्या मला जाग यायची. ती जवारी कशी असते हे मला कोणी शिकवू नये. फोनला डोंगल (हेडफोन जोडायची छोटी दोरी) लावून ऐकलं तर तानपुरा म्हणजे मागे नुसती घरघर. ॲम्पवर चारही तारा वेगळ्या. तुमच्या ३.३ मिलिवॅटमध्ये हे कुठे बसतं ते सांगा.

सोल्डरकाका
मूळ दुखणं वेगळंच आहे. २०१६ मध्ये आयफोनने हेडफोनचा जॅक काढला, बाकीच्यांनी री ओढली, आणि तेव्हापासून ज्याला त्याला डोंगल विकत घ्यावा लागतोय. माझे दोन दोरीपाशी तुटले.

आरोही
खर्ज, ताकदीचं मान्य. पण 'ॲम्पने फरक पडत नाही' असा सूर लावू नका. माझ्या ट्यूबच्या ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) ॲम्पवर हाच हेडफोन ऊबदार लागतो, आवाज सारखा करूनही.

खर्ज
लागणारच, कारण त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा ओहममधला अडथळा, जास्त आहे. एचडी ६०० चे ३०० ओहम कागदावरचे, बेसमध्ये ते ५०० च्या वर जातात. समोर १२० ओहमचा ॲम्प असेल तर तिथे साधारण १ डेसिबलने बेस वर येतो. तुमचा कान खरा आहे. पण तो गुण वॅटचा नाही, हे लिहायचं राहिलं होतं. तेवढं माझं चुकलं.

ध्वनीवाला
तुम्ही सगळे व्होल्ट मोजताय, कान कोणी मोजतंय का? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, ९० ला फक्त ४ तास. मी पुण्यात पथकात ६ वर्षं ढोल वाजवला, कानात साधा कापूससुद्धा नाही. आता रात्री पंखा बंद केला की डाव्या कानात शिट्टी वाजते, थांबतच नाही. मुलांच्या हातात ८ व्होल्ट देऊ नका.

टिपरू
हेडफोनच्या धाग्यावर पथकं कशाला ओढायची? मीही ताशा वाजवते. बदनाम करायला दरवेळी आम्हीच सापडतो. भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्यांना बोला.

ध्वनीवाला
बदनामी कसली? माझा कान गेला, तो परत येणार नाही. ताशा तर ढोलापेक्षा तिखट, तो थेट तुझ्या कानाखाली वाजतो. सरावाला प्लग घालतेस का? एवढंच सांग.

टिपरू
नाही घालत. प्लग घातला की बाकीच्यांची लय ऐकू येत नाही.

ध्वनीवाला
मीही अगदी हेच म्हणायचो. सगळे आवाज सारखे उतरवणारे वादकांचे प्लग मिळतात, त्यात लय नीट कळते. पहिले दोन दिवस जड जातील.

टिपरू
बघते. पण मुद्दा पथकांचा नव्हता, हे मी पुन्हा सांगतेय.

खर्ज
मंद्रसप्तक, डोंगल कुठला आणि फोन कुठला?

मंद्रसप्तक
ॲपलचा डोंगल. फोन अँड्रॉइड.

खर्ज
मग मला थोडं मागे यावं लागेल. मी १ व्होल्ट धरून बोलत होतो. हा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर निम्म्याच आवाजावर अडकतो, म्हणजे अर्धा व्होल्ट, ९१ डेसिबल. त्यात जुनी ध्वनिमुद्रणं मुळात हळू. तुम्हाला आवाज खरोखरच कमी पडत होता. पण कमी पडला तो अर्धा व्होल्ट, २ वॅट नव्हेत. मल्टिमीटर असेल तर ५० हर्ट्झचा टोन लावून दोन्हीकडे व्होल्ट सारखे करा, आणि अदलाबदल दुसऱ्याला करू द्या.

मंद्रसप्तक
रविवारी केलं. डोंगल पूर्ण आवाजावर ठेवला, ॲम्प तिथपर्यंत खाली आणला. बहीण पाठीमागे बसून पिना बदलत होती. १६ पैकी ९ वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं, हे मलाही कळतं. जवारी दोन्हीकडे होती, डोंगलवर ती हळू होती इतकंच. तरी ॲम्प मी विकणार नाही, कारण मला जो आवाज हवा तो या फोनवर डोंगल देत नाही. पण "तानपुरा खोलीत आला" हे वाक्य मागे घेतो. पहिल्या पगाराचा तो मुलगा हे वाचत असेल तर त्याने आधी हेडफोन किती ओहमचा आहे ते सांगावं.

नवपगारी
३२ ओहम. फोनवर निम्म्या आवाजावर ऐकतो.

खर्ज
मग ॲम्प घेऊ नकोस.