एक अर्ज, एक आत्याला पत्र: मायना, मजकूर आणि टपाल याबद्दल विचारायचं आहे

कोलशेतकर
दोन पत्रं या आठवड्यात लिहायची आहेत. पहिलं सोसायटीच्या लेटरहेडवर, ठाणे महानगरपालिकेच्या प्रभाग समितीला: गेटसमोरच्या फूटपाथवर पावसाळी गटाराचं झाकण खचलंय, ते बदलून हवं आहे. दुसरं सातारा जिल्ह्यात गावी राहणाऱ्या आत्याला. तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मोबाइल वापरत नाही, वाचन मात्र रोजचं.
अर्ज किती लांबीचा असावा? पोच कशी घ्यायची? आणि आत्याला 'तीर्थरूप' लिहायचं की 'तीर्थस्वरूप'? अंतर्देशीय पत्र पुरेल का?

आवक_जावक
अर्जाबद्दल सांगतो. ए-४ चं एक पान, त्याहून जास्त नको. डावीकडे दीड इंच समास सोडा, कारण कागद फाइलला लागताना तिथेच भोकं पडतात आणि समास कमी असेल तर प्रत्येक ओळीची पहिली अक्षरं जातात. वर उजवीकडे चार बोटं जागा मोकळी ठेवा. आवक शिक्का आणि साहेबांचा शेरा तिथे येतो.

लेटरहेडवर सोसायटीचा नोंदणी क्रमांक हवा. त्याखाली तुमचा जावक क्रमांक (पाठवलेल्या पत्रांच्या नोंदवहीतला) आणि दिनांक. मग 'प्रति, मा. सहायक आयुक्त' आणि प्रभाग समितीचं नाव. पत्र पदाला लिहा, व्यक्तीच्या नावाने नको. बदली झाली की नावाचं पत्र कुणाच्या टेबलावर न्यायचं हा प्रश्न उभा राहतो.

सगळ्यात जास्त वेळ विषयाच्या ओळीवर घालवा. आवक टेबलावरचा माणूस पूर्ण पत्र वाचत नाही, विषय वाचून विभाग ठरवतो. 'गटाराबाबत' एवढंच लिहिलंत तर कागद घनकचऱ्याकडे जाईल, मलनिःसारणाकडे जाईल, नाहीतर बांधकामाकडे, आणि चुकीच्या टेबलावरून परत फिरण्यात आठवडे जातील. असं लिहा:

'विषय: सोसायटीच्या मुख्य प्रवेशद्वारासमोरील पदपथावरील पावसाळी गटाराचे खचलेले झाकण बदलून मिळण्याबाबत.'

काय, कुठे, काय हवं, तिन्ही एका ओळीत आलं. पहिल्या परिच्छेदात ठिकाण: गेटपासून किती फूट, कोणत्या बाजूला, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक. झाकणाची लांबी-रुंदी टेपने मोजून इंचांत लिहा आणि झाकण काँक्रीटचं आहे की लोखंडी तेही. माप असलं की अभियंत्याला पाहणीआधीच अंदाज येतो. दुसऱ्या परिच्छेदात धोका, दोन वाक्यांत: शाळेची मुलं कोणत्या वेळी तिथून जातात, पाणी भरलं की खड्डा दिसत नाही. तिसऱ्यात मागणी, एकच. 'तरी सदर झाकण बदलून मिळावे, ही विनंती.'

त्याच पत्रात 'तसेच पथदिवा बंद आहे, झाडाच्या फांद्याही छाटाव्यात' असं जोडू नका. ही हमखास होणारी चूक आहे. तिन्ही कामं तीन विभागांची. एका विभागाने आपलं काम केलं की पत्र दप्तरी दाखल होतं, म्हणजे प्रकरण बंद होतं, आणि उरलेल्या दोन मागण्या त्याच्याबरोबर फाइलीत जातात. तीन कामं, तीन अर्ज. पहिल्याच पत्रात 'अन्यथा कायदेशीर कारवाई' हेही नको. त्याची जागा स्मरणपत्रानंतर.

शेवटी 'आपला विश्वासू', सचिवांची सही, सोसायटीचा शिक्का. खाली 'सोबत: छायाचित्रे २, दिनांकासह'. जोडलेल्या कागदांची संख्या लिहिलीच पाहिजे, नाहीतर एखादा गळाला तरी कळत नाही.

दोन प्रती न्या. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक नसलेला नुसता शिक्का घेऊन परत येऊ नका. पुढच्या स्मरणपत्रात 'संदर्भ' म्हणून तोच क्रमांक लागतो, आणि त्यावरूनच तुमचा मूळ कागद सापडतो. अर्ज मराठीतच करा. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमामुळे मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे.

शाई_आणि_टीप
आत्यासाठी. शाळेत शिकवला जाणारा भेद असा: सख्ख्या आईवडिलांना तीर्थरूप, त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. म्हणजे 'ती. स्व. आत्यास, शि. सा. न. वि. वि.' शि. सा. न. वि. वि. म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. माझ्या मते तो पूर्णच लिहा. त्या पिढीला संक्षेप कळतात, पण पूर्ण लिहिलेल्या नमस्कारात हात जोडलेले दिसतात.

मग मात्र 'सहस्रचंद्रदर्शनाच्या हार्दिक शुभेच्छा' या वाक्याने सुरुवात करू नका. ते छापील कार्डावर असतं. पहिलं वाक्य असं हवं की ते दुसऱ्या कुठल्याही आत्याला पाठवता येणार नाही. तिच्या अंगणातलं झाड, ती करते तो एखादा पदार्थ, तिने शिकवलेलं एखादं काम. 'तू आमच्यासाठी खूप केलंस' यापेक्षा 'पुरणाला चटका किती द्यायचा हे तुझ्याकडून शिकले' हे वाक्य ती चारदा वाचेल. शुभेच्छा शेवटी येऊ देत, आणि त्याआधी दोन प्रश्न विचारा, तिलाच उत्तर माहीत असेल असे. प्रश्नच नसलेल्या पत्राला उत्तर लिहायला धागा मिळत नाही.

आता कागद. ऐंशीच्या पुढच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठं, दोन ओळींत सव्वा सेंटिमीटर अंतर, काळी किंवा गडद निळी शाई, आणि कागदाच्या एकाच बाजूला. दोन्ही बाजूंनी लिहिलं तर मागची शाई पुढे दिसते आणि शिरोरेषा एकमेकींत गुंततात. ८० जीएसएमच्या एका ए-४ कागदाचं वजन सुमारे ५ ग्रॅम. साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं. दोन कागद, पाकीट आणि आत तुमचा पत्ता आधीच लिहिलेलं ५० पैशांचं पोस्टकार्ड, एवढं त्यात बसतं. ते कार्ड नक्की घाला, उत्तरासाठी कार्ड आणायला तिला कुणाला पोस्टात धाडावं लागणार नाही.

अंतर्देशीय अडीच रुपयांत जातं, पण त्याच्या आत काहीही ठेवता येत नाही आणि मोठ्या अक्षराला जागाही अपुरी. इथे पाकीटच योग्य.

आणि कच्चं आधी लिहा. खाडाखोड कच्च्यात होऊ दे. विसरलेलं काही आठवलं तर 'ता. क.' आहेच, ते पत्राला शोभतंही.

पिनकोड_पाहा
पत्त्याचं थोडं. 'मु. पो.' एकत्र तेव्हाच लिहायचं, जेव्हा पोस्ट त्याच गावात असतं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर 'मु.' नंतर आत्याचं गाव, 'पो.' नंतर पोस्टाचं गाव, मग ता. आणि जि. पिनही त्या पोस्टाचाच.
नवी मुंबईकडे लिहिताना होणारी चूक सांगून ठेवते: वाशी ४००७०३, ऐरोली ४००७०८, पण खारघर ४१०२१०. तिथे सवयीने ४०० टाकलं की पत्र भलतीकडे फिरतं.
स्मरणपत्र टपालाने धाडायचं असेल तर: १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पाठवल्याची पावती जपून ठेवा आणि तिची झेरॉक्स फाइलला लावा.

कोलशेतकर
मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. आत्याचे यजमान हयात नाहीत, पाकिटावर काय लिहू? आणि अर्जावर अध्यक्षांचीही सही लागेल का?

शाई_आणि_टीप
'श्रीमती' आणि पुढे पूर्ण नाव. 'गं. भा.' (गंगाभागीरथी) नको. आतल्या मायन्यात नुसतं 'आत्यास'.

आवक_जावक
अशा तक्रारीला सचिवांची सही पुरते. जावक नोंदवहीत मात्र आजच नोंद करा, नंतर क्रमांक मागेपुढे होतात.