मेंदूतलं प्रोटीन आणि वरणाची वाटी : फिरत्या पोस्टला माझं उत्तर

सिस्टर_परभणी :
तालुक्याच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतीय. साठीनंतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत प्रोटीन साचतं, त्यानं रक्तस्राव होतो. म्हणून म्हाताऱ्यांची डाळ-अंडी बंद करा आणि रक्त पातळ राहायला रोज ॲस्पिरिन द्या, असं तिच्यात लिहिलंय. यातली सुरुवात खरी आहे, आणि म्हणूनच पुढचा सल्ला जास्त घातक आहे. लोक खऱ्याबरोबर खोटंही गिळतात.

साचतं ते ॲमिलॉइड बीटा, आजाराचं नाव सेरेब्रल ॲमिलॉइड अँजिओपॅथी. ते ताटातून येत नाही. मेंदूच्या पेशींवरचं एक मोठं प्रथिन कापलं जातं, त्याचा हा तुकडा. तरण्याताठ्यांच्या मेंदूतही रोज तयार होतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या वाटेनं वाहून जातो. वय झालं की निचरा मंदावतो, तुकडे भिंतीतच रुतून बसतात. भिंतीतला स्नायू मरतो, नळी ठिसूळ होते, एखादे दिवशी फुटते. वरणातलं प्रोटीन आतड्यात पचून अमिनो आम्लं होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. डाळ तोडलेला म्हातारा मात्र नक्की अशक्त होतो, न्हाणीत पडतो आणि खुबा मोडून घेतो.

आता गोळीचं. माझ्या सासूबाई ज्वारी निवडत होत्या. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, मग मनगट, मग कोपर, मग ओठाचा कोपरा. बोटं सुपातल्या ज्वारीत तशीच ठेवून बसल्या, कारण बोटं कुठं आहेत तेच कळेना. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. एका खाजगी दवाखान्यात सीटी काढला, नॉर्मल आला. मेंदूचा ‘छोटा अटॅक’ म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात डोक्याच्या मागच्या बाजूला रक्तस्राव झाला. तेव्हा कुठं एमआरआयची एसडब्ल्यूआय फिल्म निघाली, जिच्यात जुनं रक्तही दिसतं. मेंदूच्या कडेकडेनं काळे ठिपके होते आणि वळ्यांच्या काठानं काळी रेघ, म्हणजे झिरपून वाळलेलं जुनं रक्त. मुंग्या बहुधा त्यानंच आल्या होत्या, आणि गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढवला. आज त्यांना ताटातली उजवीकडची भाजी दिसत नाही, ताट फिरवून द्यावं लागतं.

मास्तर_अंबाजोगाई :
सिस्टर, वाईट वाटलं. पण माझ्या छातीत स्टेंट आहे. तुमचं लिखाण आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर गेलं तर निम्मे लोक उद्यापासून गोळी बंद करतील. एका घरातल्या प्रसंगावरून सगळ्या जिल्ह्याला घाबरवणं बरं नव्हे. त्या पोस्टवाल्यात आणि तुमच्यात मग फरक काय राहिला?

सिस्टर_परभणी :
मास्तर, गोळी बंद करा असं मी एका अक्षरानं लिहिलेलं नाही. स्टेंट असलेल्यानं, ठोके अनियमित असलेल्यानं स्वतःच्या मनानं एक दिवसही गोळी सोडू नये. पण ज्याला काहीच झालेलं नाही त्यानं ग्रुपवर वाचून ती सुरूही करू नये. आणि मुंग्या अशा चढत गेल्या असतील, तर गोळी लिहिण्याआधी डॉक्टरला एसडब्ल्यूआय बघा म्हणावं. एवढंच म्हणणं आहे.

करडईवाला_परतूर :
मुळातच चुकतंय तुमचं सगळ्यांचं. आमचा आजा नव्वदीला टेकला, त्याला कुठलं आलंय ॲमिलॉइड? घाण्यावरचं करडईचं तेल खाल्लं जन्मभर. ज्वारीत करडईचे पट्टे असायचे, बांधाला करडी असायची. सोयाबीन आलं आणि घाणे बंद पडले, पिशवीतलं तेल घरात आलं. तवापासून घरटी एक लकवा. याच्यावर कुणी बोलत नाही.

औसा_शिवार :
दादा, बोलायला सोपं आहे. करडई काढायला माणूस मिळतो का आज? काटे अंगभर बोचतात, पहाटेच्या गारव्यात काढावी लागते, बाई दुप्पट रोज मागते आणि तरी येत नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात तेवढाही मिळाला नाही, तरी आम्ही पेरलंच, कारण खरीप मोकळं ठेवून पोट भरत नाही.

करडईवाला_परतूर :
हार्वेस्टरनं निघते की करडई! परभणीच्या विद्यापीठानं परभणी कुसुम वाण काढून कैक वर्षं झाली. सोटमूळ खोल जातं, जमिनीतल्या ओलीवर येते, पाणी मागत नाही. तुम्हालाच करायचं नाही.

औसा_शिवार :
हार्वेस्टरवाला माझ्या दीड एकरासाठी येतो का, ते आधी विचारा. उंटावरून शेळ्या हाकू नका. शेत केलंय का कधी, का नुसतं तेल खाल्लंय?

करडईवाला_परतूर :
बापजाद्यापासून करतो. तुम्ही तोंड सांभाळून बोला.

सिस्टर_परभणी :
दोघंही थांबा. करडईवर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण तेलानं ॲमिलॉइड थांबतं हे खरं नाही. आणि दादा, आजोबांच्या पिढीत कुणी आडवं झालं की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणायचे आणि सोडून द्यायचे. मेंदूत काय फुटलं ते बघितलं कुणी?

करडईवाला_परतूर :
आज्याचं वारं गेलं होतं, हे खरं. शेवटच्या वर्षी. पण तेल चांगलंच आहे.

गेवराईचा_भाऊ :
मला एकच सांगा, निदान करून करायचं काय? या रोगावर औषध नाही हे सिस्टरही नाकारणार नाहीत. एमआरआयचे हजारो रुपये, गाडीभाडं, सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. माझ्या चुलत्याचं असंच झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले वयाचा आजार आहे, घरी न्या. हे कळायला आम्ही म्हैस विकली. शहरात बसून ‘एसडब्ल्यूआय मागा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

न्यूरो_रेसिडेंट :
राग रास्त आहे, मराठवाड्यातल्या रुग्णाला तपासणीसाठी किती हेलपाटे पडतात ते मी रोज बघतो. पण ‘करायचं काय’ याला उत्तर आहे. या आजारात रक्तवाहिन्यांत साचलेलं काढणारं मान्यताप्राप्त औषध नाही, हे बरोबर. मात्र पेरिंडोप्रिल या बीपीच्या गोळीवर आधारलेल्या उपचारानं बीपी उतरवण्याचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्याचं २०१० साली छापलेलं विश्लेषण सांगतं, की ॲमिलॉइडशी जोडलेले रक्तस्राव ७७ टक्क्यांनी कमी झाले. त्यात असे रुग्ण थोडे होते, हेही सांगतो. तरी बीपीची गोळी स्वस्त आहे आणि तालुक्याला मिळते. दुसरं, एकदा असा रक्तस्राव झाला की पुन्हा होण्याचा धोका वर्षाला साधारण ७ टक्के, बीपीवाल्या रक्तस्रावात तो १ टक्क्याच्या आसपास. कुठली गोळी द्यायची नाही हे ठरवायला निदान लागतं. काहींच्या रक्तवाहिन्यांना या साठ्यामुळं सूज येते, माणूस काही आठवड्यांत भ्रमिष्ट होतो, फिट येतात. त्यातले बरेच स्टेरॉइडनं सुधारतात. त्यांना ‘वय झालं’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

आणि एमआरआय काढायचाच असेल, तर एसडब्ल्यूआय ही त्यातलीच काही मिनिटांची फिल्म आहे. वेगळी फेरी लागत नाही.

मास्तर_अंबाजोगाई :
आकडे दिले ते बरं केलं. सिस्टरच्या पहिल्या लिखाणात स्टेंटवाल्यांचा इशारा हवा होता, हे माझं म्हणणं कायम आहे. तो वर टाका, मग मी स्वतः ग्रुपवर पाठवतो.

सिस्टर_परभणी :
टाकते.

गेवराईचा_भाऊ :
डॉक्टर, आईचा एमआरआय मागच्या साली झालाय. रिपोर्टात ‘मायक्रोब्लीड्स, थॅलॅमस’ लिहिलंय. म्हणजे हेच का?

न्यूरो_रेसिडेंट :
मायक्रोब्लीड्स म्हणजे तसेच रक्ताचे बारीक ठिपके. थॅलॅमस हा मेंदूचा भाग खोलवर असतो. ॲमिलॉइडचे ठिपके मेंदूच्या वरच्या थरात, कडेला पडतात. फक्त खोल भागात असतील तर बहुधा ते जुन्या बीपीचे. पण कागदावरून नक्की सांगता येत नाही. सीडी घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा. बीपी किती असतं?

गेवराईचा_भाऊ :
मोजतं कोण? गोळी आहे, पण बरं वाटलं की ती सोडून देते. यंत्र आणतो उद्या बीडहून. एवढ्यापुरतं तुमचं मान्य. म्हशीचं मात्र मी विसरणार नाही.