बेलापूरचा किल्ला: बाबांना न्यावं का?

सानपाड्याची सून
साताऱ्याहून बाबा आलेत. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "तुमच्या बेलापूरला किल्ला आहे ना, कधी जायचं?" मी रोज नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावरून महापालिकेच्या घुमटासमोरून जाते, पण किल्ला म्हणजे माझ्यासाठी एका सिग्नलचं नाव. बाबांचे गुडघे कुरकुरतात, हातात काठी असते. उभा जन्म अजिंक्यतारा पाहिलेल्याला दाखवण्यासारखं तिथं काही उरलंय का? शिवाय जवळपास पाण्याकाठी बसायला बाग हवी. रविवार संध्याकाळ मोकळी आहे.

गावठाणातला
ताई, माझा जन्म किल्ले गावठाणातला, म्हणून खरं सांगतो. अजिंक्यतारा डोक्यात ठेवून आलात तर बाबा रिक्षातून उतरायचे नाहीत. एक बुरूज आणि तटाचे काही तुकडे, बस्स. १८१७ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून पाडापाडी केली. उरलेलं काम झाडांच्या मुळांनी केलं.

पण बाबांना तिथं उभं करा आणि विचारा, किल्ला इथेच का? पनवेलची खाडी इथं ठाण्याच्या खाडीला मिळते. मुंबईहून होडीनं पनवेल, तिथून बोरघाट चढून पुणं, ही जुनी वाट. म्हणजे हे जकातनाक्यासारखं ठिकाण. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, सगळ्यांचा डोळा यावर. मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, वसई १७३९ मध्ये हाती आली त्याच्या आधीच. किल्ल्यातून घारापुरीपर्यंत भुयार आहे असं आमची आजी सांगायची. आत गेलेला परत येत नाही, हेही तीच सांगायची. मग घारापुरीला पोचतं हे कळलं कसं, असं विचारलं की जेवायला बसवायची.

आता मुद्द्याचं. वार बघून येऊ नका, तिथी बघून या. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढे वाजता पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. आत खाडीत पाणी पोचायला थोडा उशीर धरा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास उधाण असतं, पण संध्याकाळी आलात तर नुसता चिखल आणि त्यावर उड्या मारणारे निवटे मासे. पाणी भरलेलं असलं तरच किल्ला कळतो.

भटक्या
एवढ्याशा बुरुजासाठी कशाला? दिवस काढून सरळ वसई करा.

गावठाणातला
काठीवाल्या माणसाला वसईचा अख्खा तट फिरवणार? करा, करा.

नेरूळचे काका
बसायला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'. नेरूळला, पाम बीचला लागूनच. सपाट वाट आहे, बाबांना झेपेल. ते पाणी शोभेचं नाही बरं का, तो धारण तलाव आहे. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवलेलं. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की खाडीत सुटतं. मी निवृत्त झाल्यापासून तिथंच चालतो आणि हे ऐकायला तयार असलेला माणूस शोधत असतो.

रविवारी गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. आणि बुरुजावर चढवू नका, दगड सुटलेत.

सानपाड्याची सून
जाऊन आलो! सप्तमी होती, पाऊणपटीनं सव्वापाच. पाचला पोचलो तर खारफुटीच्या बुंध्यांपर्यंत पाणी. बुरूज बघून बाबा म्हणाले, "एवढाच?" मी मनात म्हटलं, झालं. मग त्यांनी काठी उचलून विचारलं, "पनवेल कुठल्या अंगाला?" दाखवलं. काठी तशीच धरून सावकाश फिरवत मुंबईकडे नेली आणि मला रिक्षावाल्यादेखत पंधरा मिनिटं तास घेतला. मध्येच काठीचं टोक दगडांच्या सांध्यात घालून चुना खरवडायला लागले, तेव्हा मात्र ओरडावं लागलं.

बागेत काका भेटले नाहीत, पण झडपांची गोष्ट मी ऐकवली. बाबांना आता ओहोटी बघायचीय, निवट्यांसकट. गावठाणातले दादा, काठावरून दिसतात ना? बाबांनी पँट दुमडायची तयारी दाखवलीय.